काळ्या मातीला सिमेंटच कशाला?

प्रति,
माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पुणे जिल्ह्यातील काळ्या मातीवरचे रस्ते स्लॅग (लोखंड गाळताना भट्टीत उरणारी मळी), राख आणि चुन्याने पायापासून बळकट करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दौंड, इंदापूर, बारामतीकडे मे महिन्यात काळ्या मातीवरच्या रस्त्याची साइडपट्टी बघावी. हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. जुलैत तीच माती फुगते आणि डांबराला खालून उचलते. आपण वरून आणखी एक थर चढवतो. दुखणं खालीच राहतं.

मी माती तपासणीच्या कामात आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घालायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तासांनी रॉकेलमधली माती तळाशी निमूट बसलेली दिसते आणि पाण्यातली फुगून कितीतरी वर आलेली. एवढ्या स्वस्त चाचणीचा आकडा टेंडर निघण्याआधी कुणीतरी गांभीर्याने वाचायला हवा.

आज उपाय म्हणून काळी माती उपसून मुरूम भरतात. त्या मुरमासाठी पुण्याभोवतीच्या टेकड्यांचे लचके तोडले जात आहेत. दुसरा उपाय सिमेंट मिसळण्याचा. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. शिवाय चिकण मातीत ते नीट मिसळतही नाही. ढेकळांना बाहेरून कवच धरतं, आत कोरी काळी माती राहते.

चुना या मातीला जास्त मानवतो. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटतं, चिकटपणा जातो, ढेकूळ हाताने चुरडलं तरी रवाळ होतं. पण चुनाही भट्टीतूनच येतो : १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो वायू हवेत जातो, भट्टीचं इंधन वेगळंच. म्हणून चुना थोडा घ्यावा आणि बाकीचं काम झोतभट्टीच्या दळलेल्या स्लॅगवर किंवा औष्णिक केंद्राच्या राखेवर सोपवावं. ही दोन्ही आधीच तयार झालेली आहेत, त्यांच्यासाठी नवी चुनखडी भाजावी लागत नाही. स्लॅग देणारा पोलाद कारखाना रायगड जिल्ह्यात डोलवीला आहे. राख नाशिकजवळच्या एकलहऱ्याला आणि सोलापूरला. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्तेकामांत राख वापरण्याची तरतूद आहेच. साखर कारखान्यांची बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राखही उपयोगी पडते, मात्र ती प्रत्येक कारखान्याची वेगळी, तपासल्याशिवाय घेऊ नये.

एक सावधगिरी मात्र हवी. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात क्षारपड जमिनी आहेत. मातीत सल्फेट जास्त असेल तर नुसता चुना किंवा सिमेंट घातल्यावर ती उलट आणखी फुगू शकते. स्लॅगने हा धोका कमी होतो, पण सल्फेटची चाचणी आधी सक्तीची करावी.

इंडियन रोड्स काँग्रेसची माती स्थिरीकरणाची मार्गदर्शिका २०१० पासून आहे. शाखा अभियंत्यांना हा विषय नवा नाही. परंतु ज्याचा दर दरसूचीत, म्हणजे विभागाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, स्पष्ट नाही, ते काम अंदाजपत्रकात धरायला कुणी धजावत नाही. म्हणून चुना-स्लॅग आणि चुना-राख मिश्रणांचे दर सिमेंटच्या बरोबरीने, मातीच्या प्रकारानुसार दरसूचीत ठळक असावेत. टेंडरमध्ये सिमेंटचं प्रमाण लिहिण्याऐवजी किती ताकद हवी ते लिहावं. ती मोजायला २८ दिवस द्यावेत. ही मिश्रणं सावकाश धरतात, सातव्या दिवशी तपासली तर विनाकारण नापास होतील.

आणि येत्या उन्हाळ्यात दौंड व इंदापूर तालुक्यांतल्या एकेका रस्त्यावर मुरूम, सिमेंट आणि चुना-स्लॅग असे तीन तुकडे सलग करावेत. दोन पावसाळे नाशिकच्या ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेकडून त्यांची मोजणी करून घ्यावी आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च, भेगा व उत्सर्जनाचे आकडे विभागाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले करावेत.

आपला,
माती तपासणीतला एक पुणेकर अभियंता