अण्णा, आमच्या टाटा ४०७ ट्रकच्या डिफ्रन्शियलसाठी तुमचे मनापासून आभार

अण्णा, साष्टांग नमस्कार.

तुमचा नातू हे तुम्हाला वाचून दाखवेलच, पण मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषयच बदलता आणि दुसरं म्हणजे जुनी ४०७ सांभाळणाऱ्या बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला फार वाटतं.

आमची गाडी पुण्याला मार्केट यार्डात आलं घेऊन जाते आणि येताना खताच्या गोण्या भरून येते. खंबाटकी चढायला लागली की मागून हूंऽऽ असा आवाज यायचा, ॲक्सिलेटर दिला की वाढायचा, पाय काढला की सूर बदलायचा, आणि मग एका दिवशी घाटातच खाडखाड सुरू झालं. गॅरेजवाल्याने सांगितलं अख्खा मागचा ॲक्सल बदला नाहीतर गाडी काढून टाका, आणि आकडा असा सांगितला की आबा त्या रात्री नीट जेवले पण नाहीत. तेव्हा तुम्ही आलात. ड्रेनचा बोल्ट काढून तेल दोन बोटांवर घेतलंत, चोळलंत, उन्हात धरलंत. त्यात लोखंडाचा बारीक कीस चकाकत होता आणि तेल तर निम्मंसुद्धा नव्हतं. तुम्ही म्हणालात, "क्राऊन-पिनियन गेलंय, हाऊसिंग ठणठणीत आहे. घरीच करू." (क्राऊन-पिनियन म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी, मोठं ते क्राऊन आणि छोटं ते पिनियन; हाऊसिंग म्हणजे त्यांच्याभोवतीचं लोखंडी कवच.) तुमच्या "घरीच करू" या दोन शब्दांनी आमच्या घराला किती धीर आला ते तुम्हाला सांगता येणार नाही.

एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, निवृत्त झालेला, आमच्या खळ्यात चिंचेखाली ताडपत्री टाकून बसला आणि हात मला चालवायला लावला. हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. तुम्ही स्वतः केलं असतं तर निम्म्या वेळात झालं असतं, पण तुम्ही पाना माझ्या हातात दिलात.

पहिलं शिकवलंत ते जीव सांभाळायचं. ४०७ ला फुल फ्लोटिंग ॲक्सल आहे, गाडीचं वजन हाऊसिंगवर असतं, त्यामुळे चाकं न काढता हबचे बोल्ट खोलून आतले ॲक्सलचे दांडे बाहेर ओढता येतात, पण दांडे निघाले की गाडी गिअरमध्ये टाकून काही उपयोग नाही, ती कधीही घरंगळू शकते. म्हणून तुम्ही आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायला लावलेत आणि स्वतः लाथ मारून बघितलेत. गोळा, म्हणजे क्राऊन-पिनियनसकटचा अख्खा डिफ्रन्शियल, उतरवताना पण वरचे दोन नट तसेच अर्धवट ठेवायचे, खाली जॅकवर फळी टेकली की मगच ते काढायचे. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवा रे, तो गोळा छातीवर आला तर माणूस उठत नाही.

आमचा गोळा बघितला तर बेअरिंगची बैठकच घासलेली, म्हणून कराडच्या भंगारवाल्याकडून दुसरा अख्खा आणला. तिथे मी भाव विचारत होतो आणि तुम्ही खडूने खूण करून क्राऊनचे दात मोजत होता, मग पिनियनचे. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ८ असतील तर ५.१२५ चा रेशो, आणि आपल्या गाडीचा जो आहे तोच पाहिजे, नाहीतर घाटात ओढ आणि सपाटीला ॲव्हरेज दोन्हीचं गणित बिघडतं. क्राऊन आणि पिनियन कंपनीतून एकमेकांवर घासून जोडीने येतात, एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही, म्हणून त्यांच्यावरचे जोडीचे नंबर पण तुम्ही डिझेलने पुसून जुळवून बघितलेत.

नवीन बेअरिंग बसवताना हातोडा लावू दिला नाहीत. आईच्या चुलीवर जुन्या पातेल्यात तेल तापवून त्यात बेअरिंग टाकलं, चिमट्याने उचललं आणि ते बैठकीवर अलगद जाऊन बसलं. आई अजून येईल त्याला सांगते.

आणि तो शेंदूर! तेलात कालवून क्राऊनच्या चार-पाच दातांना लावलात, क्राऊनला लाकडाचा ठोकळा दाबून धरायला सांगितलंत आणि पिनियन फिरवलंत. दातावर जो ठसा उमटला तो शेंड्याला होता. म्हणजे पिनियन क्राऊनपासून दूर आहे, शिम (पातळ पत्र्याची चकती) वाढवून आत घ्यायचं. बुडाला आला असता तर उलटं. मला तो ठसा चांगलाच वाटला होता, पण तुम्ही पिनियन परत काढायला लावलंत, शिम बदलायला लावली, परत शेंदूर, परत ठसा. मग डायल (बारीक खेळ मोजायचं घड्याळ) लावून दातांमधला खेळ बघितला, पाव मिलिमीटरच्या आत आणायचा, आणि तो कमी-जास्त करताना एका बाजूची बेअरिंग आवळायची रिंग जितके खाचे सोडली तितकेच खाचे दुसरी आवळायची म्हणजे बेअरिंगचा दाब तसाच राहतो. अंधार पडला, डास चावायला लागले, आबा म्हणाले राहू दे आता, पण ठसा दाताच्या बरोबर मधे येईपर्यंत तुम्ही उठला नाहीत. तुमच्या त्या न उठण्यामुळे आज गाडी शांत चालते अण्णा.

हाऊसिंग तुम्ही डिझेलने धुवून घेतलंत, काठीला कापड बांधून दोन्ही नळ्या आतून पुसायला लावल्यात, कारण जुन्या दातांचा एक कण राहिला तरी नवीन बेअरिंग खातो. आणि मग वरचा ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारं बूच, काढून दाखवलात. चिखलाने गच्च बुजलेला. हवा कोंडली, दाबाने तेल पिनियनच्या सीलमधून गळत राहिलं, तेल कमी झालं आणि दात कोरडे घासले. एवढा मोठा खर्च त्या बोटाएवढ्या वस्तूपायी, हे गॅरेजात आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं. नुसता गोळा बदलून आलो असतो तर पुढच्या वर्षी तेच झालं असतं.

आल्याचा हंगाम हातचा गेला नाही. आबा गाडी घेऊन पहिल्यांदा खंबाटकी चढून आले तेव्हा त्यांनी मला फोन करून फक्त इंजिनचा आवाज ऐकवला, मागून काहीच नाही. पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यावर आबांशी भांडलात पण.

तुमचा डायल आणि मोठा रिंग पाना आमच्याकडेच आहे. रविवारी घेऊन येतो, येताना आईने दिलेलं आलं पण आणतो, ते नको म्हणायचं नाही. आणि आतलं पहिलं तेल काढायची वेळ झालीय, ईपी ९० गिअर ऑईलचा डबा आणून ठेवलाय, तुम्ही मोकळे असाल त्या दिवशी गाडी तुमच्याच दारात आणतो. काढलेलं तेल उन्हात धरून तुम्हीच बघा.

तुमचा,
४०७ वाला