एकच नियम, दोन अर्थ: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. टेबलावरच्या युद्धखेळाच्या मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या छोट्या मूर्ती, रंगवून झाल्यात, टेरेन (टेबलावरचे टेकड्या-जंगलं) झकास जमलंय, तरी दर डावात दोघं नियमाच्या अर्थावरून हुज्जत घालत बसतात आणि बाकीचे कंटाळतात, असं लिहिलंयस. आता पंच म्हणून तू उभा राहणार आहेस, तेव्हा जरा तपशिलातच लिहितो.

मुख्य गोष्ट आधी सांगतो. नियमाचा निकाल फासे पडायच्या आत लावायचा. फासे पडले की कुठला अर्थ आपल्या पथ्यावर पडतो हे दोघांनाही दिसतं, आणि मग माणूस कितीही सरळ असला तरी डोळे सोयीचं तेवढंच वाचतात. म्हणून तुझ्या टेबलावर एक शिस्त लाव. शंका आली की फासे हातातच ठेवायचे, मिनिएचर हलवायच्या नाहीत, आणि प्रश्न कुणाचंही नाव न घेता विचारायचा. ‘माझे भालाईत याच्या घोडदळाला बाजूने धडकतात ना?’ असं विचारू द्यायचं नाही. ‘चार्ज करणारं युनिट अर्धं समोरच्या आर्कमध्ये आणि अर्धं बाजूच्या आर्कमध्ये असेल तर कुठली बाजू धरायची?’ असा प्रश्न आला पाहिजे. (युनिट म्हणजे तुकडी, चार्ज म्हणजे धावून हल्ला, आणि आर्क म्हणजे तुकडीभोवतीचा समोरचा, बाजूचा किंवा मागचा भाग.) आपण कुणाची बाजू घेतोय हे कळायच्या आत उत्तर देऊन मोकळं व्हायचं.

वरचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण या प्रश्नावर निरनिराळ्या खेळांची उत्तरं निरनिराळी आहेत आणि माणसं एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात. ‘किंग्ज ऑफ वॉर’मध्ये चार्ज करणाऱ्या युनिटच्या पुढच्या कडेचा मध्यबिंदू ज्या आर्कमध्ये असेल ती बाजू. विषय संपला. जुन्या ‘वॉरहॅमर फँटसी’मध्ये युनिटचा बहुतेक भाग कुठे आहे ते बघायचं. आता ‘बहुतेक’ म्हटलं की डोळ्यांचा अंदाज आला, आणि अंदाज आला की वाद आलाच. दोन्हीकडे महत्त्वाचं एवढंच, की जागा चार्ज जाहीर करतानाची धरायची, धावून पोचल्यानंतरची नव्हे. अर्धे वाद इथेच मिटतात. आर्क ठरवायला युनिटच्या कोपऱ्याला टेकवायची ४५ अंशांची पारदर्शक पट्टी ठेव. नसेल तर पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा कर्णावर कापून घे, काम तेच होतं.

आता वाचायचं कसं. नियमाच्या ज्या ओळीवर भांडण आहे तेवढीच ओळ कधीच वाचू नको. अख्खा परिच्छेद वाच, मग त्यातल्या शब्दांच्या व्याख्या जिथे दिल्यात ते पान उघड, मग एराटा (छापील चुकांची दुरुस्ती) आणि एफएक्यू (नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं). निम्म्या वेळी ‘संदिग्ध’ नियम संदिग्ध नसतोच, फक्त त्यातला एखादा शब्द आठ पानं आधी बांधून दिलेला असतो. ‘युनिट’ म्हटलंय की ‘मिनिएचर’? ‘करू शकतो’ म्हटलंय की ‘केलंच पाहिजे’? ‘कोणतीही एक’ की ‘प्रत्येक’? अंतरात असणं वेगळं आणि पूर्णपणे अंतरात असणं वेगळं, हा तर ‘एज ऑफ सिग्मार’मधला नेहमीचा घोळ. १२ इंचांच्या आत म्हटलं की वीस जणांच्या युनिटमधल्या एकाच्या बेसची (मूर्तीखालच्या बैठकीची) कड १२ इंचांवर टेकली तरी पुरे, सगळ्या वीस जणांना फायदा. पूर्णपणे आत म्हटलं की शेवटच्या मिनिएचरचा अख्खा बेस आत हवा. या एका शब्दापायी लोक लांबच लांब साखळ्या करून युनिट पसरायचे. २०१८ च्या आवृत्तीपासून बऱ्याच क्षमतांना ‘पूर्णपणे’ लागलं, त्यामागे हेच होतं.

नियमाखाली किंवा वर तिरप्या अक्षरांत जे रंगतदार वर्णन असतं, ‘हे योद्धे कुणालाही घाबरत नाहीत’ वगैरे, तो नियम नव्हे. त्यावरून कुणी भीतीची चाचणी टाळायला निघाला तर हसून पुढे जा. तसंच ‘खऱ्या लढाईत बाण तिथवर गेलाच असता’ हा युक्तिवाद. खऱ्या लढाईत ड्रॅगनही नसतो.

दोन नियम एकमेकांना छेद देत असतील तर क्रम साधारण असा धर: खास नियम सर्वसाधारण नियमावर चढ, म्हणजे आर्मी बुकातलं (एकेका फौजेच्या पुस्तकातलं) वाक्य मूळ पुस्तकाच्या वर. एक म्हणतो ‘करू शकतो’ आणि दुसरा म्हणतो ‘करता येत नाही’, तर मनाई जिंकते, फक्त परवानगी देणाऱ्या नियमाने त्या मनाईचं नाव घेऊन ती उठवलेली नसावी. आणि ‘पुस्तकात कुठे लिहिलंय की हे करता येत नाही?’ असं कुणी विचारलं तर शांतपणे विचार, ‘करता येतं असं कुठे लिहिलंय?’ हे खेळ परवानगीवर चालतात. जे लिहिलंय तेवढंच करता येतं.

एवढं करूनही खरोखर दोन अर्थ निघणारे नियम उरतातच. त्यातला एक जवळून बघ, म्हणजे फरक किती पडतो ते कळेल. हल्ला ४+ वर, म्हणजे फाशावर ४ किंवा जास्त पडल्यावर, लागतो. शत्रूच्या जादूमुळे तुझ्या रोलला उणे १. वर तुझ्या सरदारामुळे ‘चुकलेले रोल पुन्हा टाका’. रीरोल (पुन्हा टाकणं) आधी की मॉडिफायर (ते उणे १) आधी? मॉडिफायर आधी लावला तर १ ते ४ सगळे चुकलेले, ते सगळे पुन्हा टाकायला मिळतात: ३६ हल्ल्यांत १२ सरळ लागतात, उरलेल्या २४ पैकी आणखी ८, एकूण सरासरी २०. रीरोल आधी धरला तर ४ आकडा पडलेला हल्ला त्या घडीला ‘लागलेला’ असतो, त्यामुळे पुन्हा टाकता येत नाही, आणि नंतर उणे १ लागून तो बाद होतो. पुन्हा टाकायला फक्त १ ते ३ चे १८ फासे मिळतात, त्यांतून ६, एकूण १८. म्हणजे ३६ हल्ल्यांमागे दोनचा फरक. त्यात जखम झाली का आणि चिलखताने वाचवलं का, याचे फासे अजून पडायचेच आहेत, तेव्हा शेवटी एखादा सैनिक पडेल किंवा पडणार नाही. एवढ्यासाठी वीस मिनिटं काथ्याकूट करायची का, हे आकडे बघून तूच ठरव. माझ्या मते पंचाने हा हिशेब मनातल्या मनात करायची सवय लावावी. फरक क्षुल्लक असेल तर तिथेच पटकन निकाल देऊन टाकावा, आणि वेळ राखून ठेवावा जिथे डावच फिरतो तिथे.

डाव फिरतो तो बहुधा हालचालीत. व्हीलचंच घे, म्हणजे रांग एका कोपऱ्यावर वळवणं. पाच जणांची रांग, २५ मिलिमीटरचे बेस, म्हणजे पुढची कड १२५ मिलिमीटर, जवळपास ४.९ इंच. ही रांग एका कोपऱ्यावर ९० अंश वळवली तर बाहेरचा सैनिक कमानीवरून १९६ मिलिमीटर जातो, ७.७ इंच. पण टेप सरळ धरून सुरुवातीपासून शेवटापर्यंत मापलं तर १७७ मिलिमीटर, जेमतेम ७ इंच. युनिटची चाल ८ इंच असेल तर एका मापाने वळल्यावर पुढे सरकायला ०.३ इंच उरतात, दुसऱ्याने पूर्ण १ इंच. चार्ज टप्प्यात येतो की नाही हे त्या पाऊण इंचावर ठरतं. छोट्या वळणात फरक दिसतही नाही: ४ इंचांत कमानीने साडेशेहेचाळीस अंश वळता येतं, सरळ टेपने अठ्ठेचाळीस. म्हणून लोक सरळ टेप वापरतात आणि मोठ्या वळणाला अडकतात. तुमच्या पुस्तकात ‘बाहेरच्या सैनिकाने कापलेलं अंतर’ एवढंच असेल, तर पहिल्या डावाआधीच कमान की सरळ रेष ते ठरवून टाक. मी कमान धरीन, कारण सैनिक कमानीनेच चालतो. पण सरळ टेप धरलंत तरी बिघडत नाही, दोघांना एकच माप हवं. बेसचंही बघून घे: ‘द ओल्ड वर्ल्ड’मध्ये मानवी पायदळाचे बेस २० ऐवजी २५ मिलिमीटरचे झालेत. एकाची फौज जुन्या बेसवर आणि दुसऱ्याची नव्या, तर पाच जणांच्या रांगेतच एका इंचाची तफावत. ट्रे (तुकडी ठेवायची पाटी) वापरून रुंदी सारखी करून घ्या.

डावाआधीची पाच मिनिटं वसूल होतात ती अशा गोष्टींत. टेबलावरच्या प्रत्येक टेरेनला बोट लावून बोलून घ्या: हे जंगल, यातून दिसतं की नाही, किती इंचांपर्यंत, ही टेकडी, कड कुठे संपते, ही भिंत, आड उभं राहिलं तर आडोसा कुणाला. एफएक्यू कुठल्या तारखेचा धरायचा. टेपने आधीच मापायची मुभा आहे का. फासा टेबलाखाली गेला किंवा तिरका राहिला तर पुन्हा टाकायचा, ‘तिरका’ म्हणजे दुसरा फासा वर ठेवला तर घसरतो तो. ही व्याख्या फार उपयोगी आहे, वापरून बघ. उतारावर मिनिएचर उभी राहत नसेल तर जागेवर फासा ठेवून मिनिएचर बाजूला ठेवता येईल, हेही आधीच कबूल करून घ्या.

हालचाल करताना हेतू मोठ्याने बोलायची सवय लावलीस तर तुझं पंचाचं काम निम्मं कमी होईल. ‘हे तिरंदाज तुझ्या घोडदळाच्या टप्प्याबाहेर ठेवतोय, बघ बरं, साडेअठरा इंच होतात?’ समोरच्याने होकार दिला की पुढच्या टर्नला टेबल हललं, बाही लागली, मिनिएचर चार मिलिमीटर सरकली, तरी ठरलेली गोष्ट ठरलेलीच. दिसतं की नाही या प्रश्नालाही हेच लागू. लेझर पॉइंटर जवळ ठेव, पण तो मिनिएचर जागेवर बसवतानाच वापर, नेम धरायच्या वेळी नव्हे.

एकाच वेळी दोन गोष्टी घडत असतील, म्हणजे टर्नच्या सुरुवातीला याचा मंत्र आणि त्याचं विष, तर पुस्तकात क्रम दिलेला नसल्यास ज्याचा टर्न त्याने क्रम ठरवायचा. अपूर्णांक आला तर वर की खाली, तेही आधीच. यावर जास्त लिहीत नाही.

आता अडलंच तर. घड्याळ लावून दोन मिनिटं पुस्तक बघू दे. सापडलं नाही तर दोघांना एकेका वाक्यात म्हणणं मांडू दे, आणि तू निकाल दे. तू टेबलाजवळ नसशील तर एक फासा: १ ते ३ एकाचा अर्थ, ४ ते ६ दुसऱ्याचा. ही काही घरगुती युक्ती नाही, ‘वॉरहॅमर फँटसी’च्या मूळ पुस्तकातच ती सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणून छापलेली असायची. पण फाशाने ठरलेला अर्थ डाव संपेपर्यंत दोघांनाही बांधतो, हे विसरू देऊ नको. तिसऱ्या टर्नला ज्याच्या बाजूने लागला, पाचव्या टर्नला तोच त्याच्या अंगाशी येऊ शकतो, आणि तेव्हा पुन्हा फासा टाकायचा नसतो. म्हणून निकाल कागदावर लिही: प्रश्न, दिलेलं उत्तर, पान क्रमांक असला तर तो. स्पर्धा असेल तर तोच कागद सगळ्या टेबलांना लागू. एका टेबलावर कमान आणि शेजारी सरळ रेष असं झालं की तुझ्यावर पक्षपाताचा आरोप ठेवलेलाच.

आणि दिलेला निकाल चुकीचा होता असं डावानंतर पुस्तकात सापडलं, तर पुढच्या डावापासून बरोबर ते लागू कर. झालेला डाव मागे फिरवू नको. दहा चाली आधीची जागा कुणालाच नीट आठवत नसते, त्यातून नवंच भांडण उभं राहतं. मागे घ्यायचंच तर एकच चाल, तीही पुढचे फासे पडले नसतील तरच.

पंचाला एवढा अधिकार कशाला, असं तुमच्यातला कुणीतरी म्हणतोच आहे म्हणे. त्याला सांग की १८२४ च्या क्रीगश्पील या प्रशियन युद्धखेळात पंच होताच, आणि १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा नावाच्या अधिकाऱ्याने तर बहुतेक नियम आणि फासे बाजूला सारून सगळं पंचाच्या अनुभवावर सोपवलं. त्यामानाने तू तर नुसतं व्हीलचं माप ठरवतोयस.

हो, ड्रॅगनच्या पंखांचं विचारलं होतंस. अंतर बेसपासून बेसपर्यंत, पंख कितीही बाहेर आले तरी. नेम धरताना मात्र तुमच्या पुस्तकात धडाबरोबर पंख आणि शेपटी धरायची की नाही ते बघ. दिलेलं नसेल तर फक्त धड आणि डोकं धरा, नाहीतर ज्याने पंख मिटलेला ड्रॅगन घेतला त्याची फुकट चांदी होते.

व्हीलचा आणि रीरोलचा निकाल काय लावलास ते कळव. सोबत तुमचा लिहिलेला कागदही पाठव, दोन-चार प्रश्न तरी असे निघतील ज्यांचं उत्तर एफएक्यूत आहेच.

तुझाच,
मित्र