वडिलांना दिसतं, आईला ऐकू येतं

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य व माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय: मराठी सिनेमा आणि वेब मालिकांखाली मराठी अक्षरं (सबटायटल) मिळण्याबाबत

महोदय,

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. रात्री जेवणं उरकली की पुढच्या खोलीत टीव्ही लागतो. केबल आम्ही कधीच बंद केली. माझ्या मोबाइलच्या रिचार्जवर दोन ॲप मिळतात आणि तिसऱ्याचा पासवर्ड पुण्याच्या भावाचा आहे, तो बदलेपर्यंत आमचा. वडील खुर्ची ओढून पडद्यापासून हातभर अंतरावर बसतात. आई मागे भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. तिला मान वर करायला सवड नसते. मान वर केली की हात थांबतो, आणि हात थांबला की हजार पुरे होत नाहीत.

वडील चौतीस वर्षं यंत्रमागावर होते, चादरीच्या कारखान्यात. त्यांना आता बोललेलं कळत नाही. म्हणजे आमच्या घरात एकच मालिका वडील नुसती बघतात आणि आई नुसती ऐकते. एपिसोड संपला की दोघांचं भांडण होतं, कारण दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात.

आपण सांस्कृतिक कार्य मंत्री आहात, म्हणून प्रेक्षकांची मतं आधी ऐकवते. वृत्तपत्रांतले समीक्षक कथानक, अभिनय, छायाचित्रण यांवर गुण देतात. माझ्या वडिलांच्या लेखी मालिका दोनच प्रकारच्या: तोंडाच्या आणि पाठीच्या. तोंडाच्या मालिकेत माणसं समोर बसून, उजेडात, ओठ हलवून बोलतात. पाठीच्या मालिकेत माणूस खिडकीबाहेर बघत अंधारात काहीतरी पुटपुटतो आणि वरून संगीत वाजतं. हल्लीच्या बहुतेक गुन्ह्यांच्या मालिका पाठीच्या. ‘ह्या पोलिसाला लाइट बिल परवडत नाही का ओ?’ असं ते मला विचारतात.

आईची प्रतवारी निराळी. तिला ‘हाताला चालणारी’ मालिका लागते, म्हणजे पडद्याकडे न बघता कळणारी. हिंदी ‘पंचायत’ तिला हाताला चालली. खाटेवर बसून माणसं भोपळ्यावरून वाद घालतात, त्यात बघायचं काय आहे? ऐकायचं सगळं. वडिलांनाही ती आवडली, कारण फुलेरा गावात लोक एकमेकांकडे तोंड करून बोलतात. २०२० ते २०२५ या काळात तिचे चार सीझन आले, आमच्याकडे चारही झाले. चौथ्यात नुसतीच निवडणूक, दुधी विरुद्ध प्रेशर कुकर. आईचं मत असं की एवढी निवडणूक तर आमच्या वॉर्डातही होते, त्यासाठी डेटा कशाला जाळायचा. या मताशी मी सहमत आहे.

कोरियाची ‘स्क्विड गेम’ भाच्याने हिंदीतून लावली होती. कर्जात बुडालेले ४५६ जण पोरांचे खेळ खेळतात आणि हरला की मेला. आई म्हणाली, ‘ह्यात कोरियाचं काय, सावकार सगळीकडे तोच.’ वडील मात्र दहा मिनिटांत उठून गेले. ओठ कोरियन बोलत होते आणि त्यांना तर ओठांखेरीज काही ऐकू येत नाही.

हे ऐकू न येणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण कार्यालयात बसून ते लक्षात येत नाही. वडिलांच्या शेडमध्ये सोळा माग होते. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन जाणारं लाकूड, या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, तिथे आपटतो, परत येतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे सोळा. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. धोट्याच्या मागांची शेड ती सहज ओलांडते. तिथे कुणी बोलत नसे. दोन बोटांची कात्री केली की ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला, अंगठा ओठाला लावला की चहा. बाकीचं ओठांवरून. कानात घालायला वडिलांनी स्वतःच सुताचा बोळा केला होता, तेवढंच.

अशा आवाजाने कान सगळाच एकदम जात नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श यांसारखे वर्ण त्या पट्टीतले. आ, ओ, ऊ शाबूत राहतात. त्यामुळे साप, शाप, ताप, थाप या सगळ्याचा वडिलांना नुसता ‘आ’ ऐकू येतो. कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय हे कळत नाही. लोक म्हणतात, आवाज वाढवा. आवाज वाढवला की ‘आ’ मोठा होतो, ‘स’ येत नाही. वर शेजारची अक्का भिंत ठोकते. कानाचं यंत्रही घेऊन झालं. त्यातून पंख्याचा आवाज झकास येतो. ते आता चष्म्याच्या डबीत असतं.

ओठ वाचायची जी विद्या शेडमध्ये मिळाली, तिच्यावर त्यांनी इतकी वर्षं मालिका ओढल्या. पाठीच्या मालिका आल्या आणि ती विद्याही गेली.

यावर उपाय आहे आणि तो त्याच टीव्हीत आहे. खाली अक्षरं लावायची. गेल्या दिवाळीत एक मराठी मालिका लागली होती. नाव सांगत नाही, एकट्या तिचा दोष नाही. मराठी नट, मराठी गाव, मराठी शिव्या. मी अक्षरांचं बटण दाबलं. यादीत एकच भाषा होती, इंग्रजी. मराठी माणूस मराठीत रडत होता आणि खाली इंग्रजी पळत होती. वडील महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. आम्ही पद्मशाली विणकर, घरात तेलुगू बोलतो, पण तेलुगू लिपी वडिलांना येत नाही. पूर्व भागात असे कितीतरी आहेत: बोलणं तेलुगू, वाचणं मराठी. इंग्रजी अक्षरं ते एकेक करून ओळखतात, तोवर तो माणूस रडून घरी गेलेला असतो.

इंग्रजी अक्षरं का असतात हे मला कळतं. महोत्सवात, परदेशात सिनेमा पाठवायला ती लागतात. मराठी प्रेक्षकाला ऐकू येतंच, असं बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं.

मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, दुखवट्याची कार्डं, निवडणुकीला मतदारांच्या चिठ्ठ्या. तेव्हा वाटलं, आपणच करू. त्या मालिकेचा पहिला भाग तीन रविवार लावून, थांबवत थांबवत ऐकला आणि सगळे संवाद टाइप केले. ४० मिनिटांच्या भागाची १६ पॉइंटमध्ये अकरा पानं झाली. मग वडील डाव्या हातात कागद, उजव्या हातात बॅटरी घेऊन बसले. एक ओळ वाचायची, वर बघायचं, परत खाली यायचं, तोवर तिसरा माणूस बोलायला लागलेला. चौथ्या पानावर ओळ चुकली, ती सापडलीच नाही. त्यांनी टीव्ही बंद करायला लावला आणि उरलेली सात पानं पेपर वाचावा तशी वाचून काढली. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘ती पोरगी खोटं बोलतीय. वकील मूर्ख आहे. बापाचं बोलणं चांगलं लिहिलंय.’ संवाद चांगला लिहिलाय, असं वडिलांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं कलम २९ सांगतं की ऐकू न येणाऱ्यांना टीव्हीचे कार्यक्रम खुणांच्या भाषेतून किंवा उपशीर्षकांसह मिळतील, याची व्यवस्था शासनाने करावी. कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांबद्दल तेच म्हणतं. केंद्राच्या २०२१ च्या नियमांत ऑनलाइन मालिका दाखवणाऱ्यांनी ‘शक्य तितके’ प्रयत्न करावेत असं आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ओटीटी ॲपवरच्या दिव्यांगांसाठीच्या सोयींचा वेगळा मसुदा सूचनांसाठी काढला होता. म्हणून हा विषय दिल्लीचा आहे, असं उत्तर मला येईल याची कल्पना आहे. कृपया ते पाठवू नये. कलम २९ मध्ये ‘समुचित शासन’ असा शब्द आहे आणि राज्य शासन त्यात बसतं.

शिवाय एक मेख आहे. त्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० डेसिबलची तूट असेल तर माणूस दिव्यांगांत धरला जातो. वडिलांची तपासणी झाली तेव्हा तूट त्याहून कमी भरली. म्हणजे प्रमाणपत्र नाही. कागदावर त्यांना ऐकू येतं. अशा मागवाल्यांची मोजदाद कुठल्याच खात्यात होत नसावी. म्हणून अक्षरांची सोय प्रमाणपत्राला बांधू नका. ज्याला हवी त्याने बटण दाबावं, नको त्याने दाबू नये.

आपल्या हातात जे आहे तेच मागते. राज्य शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसहाय्य देतं, ते काम गोरेगावच्या चित्रनगरीतून चालतं. हे चित्रपट थिएटरातून उतरले की याच ॲपवर येतात. अर्थसहाय्याच्या अटींत एक ओळ वाढवा: मराठी संवादांची, वेळ टाकलेली फाइल जोडल्याशिवाय रक्कम मिळणार नाही. कोणतं वाक्य कितव्या सेकंदाला येतं एवढंच त्या फाइलमध्ये असतं. दोन तासांच्या सिनेमाची फाइल मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा लहान भरते. इंग्रजीची फाइल बनते तेव्हा वेळा टाकून झालेल्याच असतात आणि मराठी संवाद पटकथेत टाइप केलेले असतात. दोन्ही एकत्र करायचे. नव्याने करण्यासारखं त्यात फार काही नाही.

माहिती तंत्रज्ञान खातंही आपल्याकडेच असल्याने कुणीतरी आपल्याला सुचवेल की हे काम आता यंत्र करतं. करतं खरं. मी मोबाइलवर करून पाहिलं. पुण्याच्या बातम्या देणाऱ्या बाईचं जवळजवळ बरोबर आलं. मग वडिलांच्या जुन्या जोडीदाराचं बोलणं रेकॉर्ड करून दिलं. ‘धोटा अडकला, ताणा गेला’ याचं यंत्राने ‘गोटा अडकला, ताण गेला’ केलं. एका कामगाराचा ताण गेला, ही बातमी चांगलीच, पण ती खोटी. यंत्राकडून कच्चं करून घ्यावं आणि पक्कं करायला माणूस बसवावा. अशी माणसं सोलापुरात स्वस्तात आणि चांगली मिळतील. आमच्या गल्लीत मराठी टायपिंगची परीक्षा दिलेल्या चार मुली घरी बसून आहेत, त्यांना मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही कळतं आणि दोघींना कन्नडही.

अक्षरं कशी असावीत, हेही लिहून ठेवते, कारण नियम करणारा ती मोबाइलवर बघणार आणि वडील टीव्हीवर. अक्षर मोठं हवं, मागे काळी पट्टी हवी, पांढऱ्या धोतरावर पांढरं अक्षर दिसत नाही. बोलणारा पाठमोरा असेल तर त्याचं नाव आधी यावं. दारावर थाप पडली, कुकरची शिट्टी झाली, तर तेही लिहावं. नाहीतर सगळी माणसं एकदम दाराकडे का बघतात ते वडिलांना कळत नाही. आणि बोललेलं जसंच्या तसं लिहावं. सोलापूरचा माणूस ‘काय करालाव बे’ म्हणत असेल तर खाली ‘तू काय करत आहेस’ असं छापू नये. वडील ओठ वाचतात, त्यांना चोरी लगेच कळते.

उत्तर पाठवल्यास मोठ्या टाइपात पाठवावे, म्हणजे ते वडिलांना देता येईल.

आपली,
एक प्रेक्षक
पूर्व भाग, सोलापूर

ता. क. हे पत्र मी आईला वाचून दाखवलं. तिने हात न थांबवता विचारलं, ‘आणि माझं काय? मी काय वाचत बसू?’ तिचं म्हणणं असं की हल्ली मालिकांत माणसं बोलायच्या ऐवजी मोबाइलवर मेसेज करतात, तो पडद्यावर दिसतो आणि सगळे गप्प. मग तिला दरवेळी आम्हाला विचारावं लागतं, काय आलं, काय आलं. ‘पंचायत’ २०२४ मध्ये तमिळमध्ये नव्याने झाली, २०२५ मध्ये ‘सिवरपल्ली’ नावाने तेलुगूत झाली. तेलुगूतली तिने ऐकली. बोलणं तिच्या आजीसारखं निघालं म्हणून खूश होती, विनोद आधीच माहीत होते म्हणून नाराज. तर तिने असं लिहायला सांगितलंय की मेसेज आला की कुणीतरी तो मोठ्याने वाचावा. हे कोणत्या खात्यात येतं ते तिला माहीत नाही, मलाही नाही.