बालदमा आणि घराण्याचा दोष

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलाला दम्याचे निदान झाले की आपल्याकडे पहिली चौकशी ‘हा कोणाच्या घराण्यातून आला?’ अशी होते आणि बहुतेक वेळा तिचा रोख मुलाच्या आईकडे असतो. याविषयी संशोधनातून जे निष्पन्न झाले आहे, ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. स्वीडनमधील जुळ्यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात बालदम्याच्या बाबतीत तो सुमारे ८२ टक्के निघाला. मात्र हा आकडा त्या समाजातील मुलामुलांमधल्या फरकाविषयी आहे. एखाद्या मुलाचा दमा ८२ टक्के आईवडिलांकडून आला, असा त्याचा अर्थ होत नाही. २००७ मध्ये ब्रिटिश व जर्मन मुलांच्या जनुकीय तपासणीत सतराव्या गुणसूत्राचा एक भाग बालदम्याशी निगडित असल्याचे दिसले आणि पुढील अभ्यासांनी त्याला वारंवार दुजोरा दिला. पण तेथील दम्याची जोखीम वाढवणारा जनुकीय प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत इतका सर्रास आढळतो, की तो असलेली बहुसंख्य माणसे दम्यावाचूनच आयुष्य काढतात. असे इतरही अनेक भाग सापडले असून प्रत्येकाचा परिणाम थोडाथोडाच आहे. मग सुनेच्या माहेरावर ठपका ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

त्याहून महत्त्वाची बाब फ्रान्समधील कुटुंबांच्या २००८ सालच्या अभ्यासात आढळली. सतराव्या गुणसूत्रावरील याच भागाची जोखीम चार वर्षांच्या आत दमा सुरू झालेल्यांत, आणि त्यातही बालपणी तंबाखूच्या धुराशी संपर्क आलेल्यांत, विशेष ठळक होती. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांचे पूर्वज मध्य युरोपातले आणि त्यांची जनुकीय ठेवणही बरीच सारखी. तरीही शाळकरी मुलांतील दम्याचे प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, तर हटराइटांत २१ टक्के नोंदले गेले आहे. आमिश मुले घराजवळच्या गोठ्यांत वावरतात, हटराइटांची शेती यांत्रिक आणि वस्तीपासून दूर असते, आणि या फरकाचा संबंध संशोधकांनी घरातील धुळीतल्या सूक्ष्मजीवांच्या अंशांशी जोडला आहे. (यावरून गोठ्यातील धूळ हे दम्याचे औषध आहे, असा निष्कर्ष कृपया कोणी काढू नये, ज्याला दमा आहे, त्याचा त्रास तिने वाढूही शकतो.)

कुटुंबात दमा किंवा ॲलर्जी आहे का, हे डॉक्टर निदानाला मदत व्हावी म्हणून विचारतात. घरात विडी-सिगारेट कोण ओढते, हेही ते विचारतात, आणि कुटुंबाला बदल करता येण्याजोगे काही असेल तर ते या दुसऱ्या उत्तरात आहे. जनुकचाचणीवर आज बालदम्याचे नेहमीचे निदानही ठरत नाही आणि उपचारही ठरत नाहीत, त्यामुळे तिच्यावर पैसे घालण्याऐवजी ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, श्वासातून घ्यायच्या नियमित औषधासाठी राखून ठेवावेत.

आपला,
एक वाचक, सातारा