जॅकेटच्या खिशातली डबी

चि. ओंकार,

परवा फोनवर मी ओरडलो आणि तू कट केलास. म्हणून आता टाईप करतोय. एका बोटानं करायला वेळ लागतो, तेवढ्यात राग उतरतो. पोचलास, तिकडं बर्फ पडतोय, एवढं आईकडनं कळलं.

काळं जॅकेट इथंच राहिलंय तुझं. आई धुवायला टाकत होती, तर खिशातनं ती रबरी डबी निघाली. आत पिवळं, चिकट, मेणासारखं. तिला वाटलं तिकडचा बाम आहे, गुडघ्याला लावायलाच बसली होती बघ, वास कसला येतोय म्हणून मला हाक मारली म्हणून वाचलं. मी म्हटलं राळ आहे, त्याच्या प्रोजेक्टची. एकोणतीस वर्षांत तिच्याशी एवढं तोंडावर खोटं बोललो नव्हतो. संजूकाकाचं नाव या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू म्हणालास पप्पा, हा गांजा नव्हे, कॉन्सन्ट्रेट आहे, वॅक्स म्हणतात, डेन्व्हरला दुकानात बिल करून मिळतं. बरं. पण कॉन्सन्ट्रेट कुणाला शिकवतोस रे, गुऱ्हाळवाल्याला? टनभर उसाचा शंभर किलोच्या आसपास गूळ उतरतो, बाकी पाणी वाफ होऊन जातं आणि चिपाड चुलवाणात. ऊस चार कांडी खाल्ला की जबडा दुखतो, माणूस आपोआप थांबतो. तेवढीच गोडी गुळात दोन घासात पोटात जाते, थांब म्हणणारं कुणी नसतं. तुझ्या डबीतलं त्याच जातीचं. दोन रात्री वाचत बसलो होतो. लायटरमधला ब्युटेन गॅस गांजाच्या फुलांवरनं सोडायचा, तो सगळा चीक धुऊन खाली आणतो, मग गॅस उडवून टाकायचा. काचेसारखं राहिलं तर शॅटर, घोटलं तर वॅक्स. आमच्यातही पाक कधी उतरवला नि किती घोटला यावर काकवी का गूळ ते ठरतंच की. गॅस न वापरता नुसतं तापवून दाबून काढतात ते रोझिन. घरात हा उद्योग करायला गेलेल्यांच्या खोल्या उडाल्यात, तू करत नसशील, पण कोण मित्र करत असला तर तिथं क्षणभर थांबू नको.

आणि आकडे बघ. साध्या फुलात टीएचसी, म्हणजे नशा आणणारा भाग, पंधरा-वीस टक्के, यात साठ ते नव्वद. तांदळाच्या दाण्याएवढं तापलेल्या काचेवर ठेवायचं आणि वाफ एका दमात ओढायची, डॅब म्हणता ना त्याला. तुमच्या कोलोराडोत २०१४ पासून दुकानं उघडी आहेत, तरी याचं ८ ग्रॅमच्या वर एका दिवसात एका माणसाला विकत नाहीत. उगीच का? वाफ ओढायच्या पेनमधल्या तेलाचं पण सांगतो, २०१९ ला तिकडं चोरट्या मालात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं, पोरांची फुप्फुसं गेली, अडुसष्ट माणसं मेली.

लेक्चर झालं. माफ कर. मी काय सोवळा नाही. शिवरात्रीला तालमीत भांग घोटायचे, मीही घेतलीय, दोन तास रंकाळ्यावर कट्ट्याला पाठ लावून नुसता हसत होतो, तुझ्या आज्जीनं दारात उभं केलेलं. पण भांग म्हणजे पाला. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातसुद्धा नुसता पाला गांजात धरत नाहीत. तुझ्या डबीतला तो काढलेला चीक, तो चरसमध्ये बसतो, कच्चा असो का शुद्ध केलेला, हॅश ऑईल धरून. शंभर ग्रॅमच्या आत असला तरी वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ती डबी खिशात घालून तू मुंबई विमानतळावरनं बाहेर आलास आणि मी तिथं हार घेऊन उभा होतो. हे डोक्यातनं जात नाही. तिकडं दुकानात मिळतं म्हणून व्हिसावाल्याला माफ असतं असंही समजू नको, राज्याचा कायदा वेगळा, देशाचा वेगळा.

पण भीती कायद्याची नाही. भीती गिझरची आहे.

ताईच्या लग्नात रोज सकाळी तुला उलट्या. आई म्हणायची तांबडा रस्सा सोसला नाही, सवय गेली पोराची. आणि तू अर्धा अर्धा तास गरम पाण्याखाली, सगळा गिझर रिकामा, मामा बाहेर टॉवेल घेऊन शिव्या घालतोय. आम्ही हसलो रे. आता वाचलं की हे बरेच दिवस, जोरात घेणाऱ्यांना असं होतं, उलट्या थांबत नाहीत आणि कढत पाण्याखालीच तेवढं बरं वाटतं. बहुतेकांना वर्षानुवर्षं घेतल्यावर होतं म्हणे. मग तू मला "कधीतरी वीकेंडला" असं का सांगितलंस?

काढतोच नाव. संजूकाका सांगलीला इंजिनिअरिंगला होता, घरात सगळ्यात हुशार, तुझ्यासारखाच गणितात. तिसऱ्या वर्षाला परत आला. रेडिओवर आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा, रात्रभर पंचगंगेच्या घाटावर बसायचा. आज्जीनं जोतिबाला नेलं, देवऋषी झाला, इंजेक्शनं फार उशिरा सुरू केली. कळंब्याचं मी लिहीत नाही. तो काही ओढत होता का नाही हे आम्ही कधी विचारलंच नाही. पण घरात असं कुणाला झालेलं असलं की एवढ्या कडक मालानं तो धोका जास्त वाढतो, हे वाचल्यापासनं मला झोप नाही. काका तेव्हा तेवीसचा होता. तू चोवीस पुरा.

आता तू म्हणशील पप्पा, सगळ्यांना काका करता तुम्ही. तुला करत नाही. अकरावीत तू काहिलीला थर्मामीटर लावलास, एकशे अठराला उतरवा म्हणालास, गुळव्या हसला, त्यानं थेंब गार पाण्यात टाकून गोळी बघितली, आणि दोघांचं एकाच वेळी जुळलं. त्या दिवशी मी मार्केट यार्डात दहा जणांना सांगितलं. अजून सांगतो. तू साधासुधा नाहीस म्हणून तर.

एकच कर. युनिव्हर्सिटीच्या डॉक्टरकडं जा आणि उलट्यांचं सांग, काकाचंही सांग, लपवू नको. सोडल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे झोप लागत नाही, चिडचिड होते, घाम येतो, ते उतरतं म्हणे. रात्री लागली नाही झोप तर मला फोन कर, इथं दिवस असतो, मी गुऱ्हाळावरच असतो. बोललं नाही तरी चालेल, चरकाचा आवाज ऐक.

असं कधी कानात कुणी बोलल्यासारखं झालंय का रे? एवढं तरी खरं सांग.

डबी मी चुलवाणात टाकली. रात्री, सगळे जेवायला गेल्यावर. गुळव्यानं आल्या आल्या नाक वर केलं आणि माझ्याकडं बघितलं, काय बोलला नाही. आईला अजून राळच माहीत आहे, तिला मी सांगू का तू सांगतोस?

जॅकेट धुऊन गच्चीत वाळत टाकलंय. कुरियरला किती पडतं बघतो, का तू येईपर्यंत कपाटात ठेवू ते कळव.

पप्पा