भाऊबीजेच्या बुद्धिबळ स्पर्धेसाठी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला निपाणी, खानापूर आणि गडहिंग्लजची मंडळी शहापूरच्या घरी जमणार आणि दुपारी बुद्धिबळाची स्पर्धा ठेवायची ठरली, हे दादाकडून कळलं. बारा खेळाडू म्हणजे सोयीचा आकडा आहे. बाबा, तुम्ही पंच होणार, म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते: बाद पद्धत ठेवू नका. हरला की बाहेर, असं केलं तर पहिल्याच फेरीनंतर सहा जण रिकामे होतात, आणि त्यांत नेमकी लहान मुलं आणि नवखे असतात. ज्यांना गोडी लागावी म्हणून हा खटाटोप, तेच उठून जातात. साखळी पद्धतीत, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं म्हटलं, तर बारा जणांचे ६६ डाव आणि ११ फेऱ्या होतात, एका दुपारचं ते काम नव्हे. स्विस पद्धत घ्या. पाच फेऱ्या, एका वेळी सहा पट, एकूण ३० डाव, आणि शेवटच्या फेरीपर्यंत प्रत्येक जण खेळत राहतो.

जोड्या लावायला कॉम्प्युटर लागत नाही. पोस्टकार्डाएवढी बारा कार्डं कापा. प्रत्येकावर खेळाडूचं नाव आणि क्रमांक, खाली पाच ओळी. एका ओळीत चार गोष्टी: कुणाशी खेळला, पांढरी की काळी, मिळालेला गुण, एकूण गुण. जिंकला तर १, बरोबरी झाली तर अर्धा. पहिल्या फेरीला चिठ्ठ्या टाका. नंतर सारख्या गुणांची कार्डं एकत्र करून त्यांच्यातच जोड्या लावा. गटात एक कार्ड उरलं तर ते खालच्या गटात सरकवा. एकदा खेळलेली जोडी पुन्हा येऊ द्यायची नाही, आणि कुणालाही सलग तीनदा तोच रंग द्यायचा नाही. दोन्ही एकदम जमत नसेल तर रंगाचा नियम सोडा, जोडीचा सोडू नका. याचा मोठा फायदा तिसऱ्या फेरीपासून दिसतो. जिंकणारे वर सरकतात, आणि नवख्याला त्याच्याच तोलाचा गडी मिळतो. तिथे त्याचा खरा डाव सुरू होतो.

शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर ते दोघे एकमेकांशी खेळलेत का ते आधी पाहा, जिंकलेला वर. खेळले नसतील तर प्रत्येकाच्या पाचही प्रतिस्पर्ध्यांचे गुण मिळवा. ज्याची बेरीज मोठी, त्याने जास्त अवघड माणसांशी खेळून तेवढे गुण कमावले. खानापूरहून कुणाला उशीर झाला आणि संख्या विषम झाली तर बाबा, त्या फेरीपुरते तुम्हीच बसा. नुसता एक गुण देऊन कुणाला रिकामं बसवण्यापेक्षा ते बरं.

प्रत्येकाला १५ मिनिटं द्या. डाव फार तर अर्ध्या तासाचा, वर दहा मिनिटं कार्डं लावायला. पाच फेऱ्यांचे २०० मिनिटं, मध्ये वीस मिनिटं चहा-फराळ. अडीचला पहिली चाल झाली तर सहा-सव्वासहाला, पणत्या लावायच्या वेळेला, सगळं आटोपतं. घड्याळासाठी प्रत्येक पटाला एक फोन पुरतो, बुद्धिबळाच्या घड्याळाचं ॲप फुकट मिळतं. मात्र फोन एअरप्लेन मोडवर टाकायला लावा. दिवाळीत शुभेच्छांचे फोन सारखे वाजतात, मधेच फोन आला की ॲप मागे जातं आणि वेळ कुणाची गेली यावर वाद होतो. स्क्रीन आपोआप बंद होण्याची सोयही काढून टाका. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. वेळ संपली की डाव गेला, पण समोरच्याकडे नुसता राजा उरला असेल तर बरोबरी. कॉलेजातला भाचा आणि सात वर्षांची पुतणी अशी जोडी आली तर त्याला सात मिनिटं, तिला पंधरा. तगड्या खेळाडूचं एखादं मोहरं आधीच काढून खेळणं सरावात ठीक आहे, गुणांच्या डावात नको.

पट घरोघरचे येतील, ते आदल्या दिवशी तपासा. एका घरात चार प्यादी नीट मावली की पट आणि मोहरी एकमेकांना जुळतात. त्याहून दाटी झाली तर बाही लागून मोहरी पडतात. प्रवासातले चुंबकाचे छोटे पट मोठ्या माणसांना देऊ नका, त्यांत उंट आणि प्यादं लांबून सारखंच दिसतं. चकचकीत पटावर ट्यूबलाइटची तिरीप येते, ते पट खिडकीपाशी, बाजूने उजेड येईल असे मांडा. दोन जास्तीचे वजीर खिशात ठेवा. प्यादं शेवटच्या घरात गेलं की मुलं हत्ती उलटा ठेवून त्याला वजीर म्हणतात, पण नियमाने उलटा हत्ती हा हत्तीच धरला जातो. प्रत्येक फेरीआधी सहाही पटांवरून एक चक्कर मारून दोनच गोष्टी बघा: प्रत्येकाच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर, आणि वजीर आपल्याच रंगाच्या घरात.

आता सगळ्यात नाजूक विषय. काका आणि आत्या देशी पद्धतीने शिकलेत: प्यादं एकच घर चालतं, शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं त्या उभ्या रांगेचं मूळ मोहरं होतं, शह बसला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखी उडी घेतो, आणि गावागणिक यात फरक. मुलं शाळेत आणि मोबाइलवर आंतरराष्ट्रीय नियम शिकतात. हे आधी बोलून घेतलं नाही तर दहाव्या चालीला भांडण ठरलेलं. स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांवर ठेवा आणि चहाच्या सुट्टीत एक देशी डाव काकांसाठी मांडा, मुलांनाही तो बघू दे. काकांना हे बदल जड जाणार नाहीत. जुने नामवंत बुद्धिबळपटू सुलतान खान लहानपणी देशी नियमच शिकले होते, तरी पुढे १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं त्यांनी जिंकली.

पहिल्या फेरीआधी हे मोठ्याने वाचून दाखवा. हात लावलेलं मोहरं खेळायचंच. नुसतं सरळ करायचं असेल तर आधी ‘ठीक करतो’ म्हणायचं. आठ वर्षांखालच्यांना डावात एक माफी. किल्लेकोट (राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे येतो) करताना आधी राजाला हात लावायचा. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मध्ये मोहरं नसावं, राजाला शह नसावा, आणि राजा ज्या घरावरून जातो व जिथे पोचतो त्यावर मारा नसावा. हत्तीवर मारा असला तरी चालतो, इथेच पुष्कळांची गल्लत होते. समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून आपल्या पाचव्या घरातल्या प्याद्याशेजारी येऊन थांबलं, तर ते एकच घर आलंय असं समजून मारता येतं, पण लगेचच्या चालीला. पुढच्या चालीला तो हक्क गेला. राजा शहात ठेवून कुणी दुसरीच चाल केली तर ‘राजा मारला’ म्हणायचं नाही. चाल परत घ्यायची आणि समोरच्याला दोन मिनिटं वाढवून द्यायची.

आई, नवख्यांना शिकवायचं काम तुझ्याकडे ठेव, तुझ्याइतका धीर कुणाला नाही. सुरुवातीच्या चाली घोकून घेऊ नकोस, शेवटापासून शिकव. आधी दोन हत्तींची मात: एक हत्ती रांग अडवतो, दुसरा पुढच्या रांगेवरून शह देतो, राजा एकेक रांग मागे जातो. राजा हत्तीला खेटायला आला की हत्ती त्याच रांगेत दुसऱ्या टोकाला न्यायचा. मुलं हे विसरतात आणि हत्ती फुकट घालवतात.

मग वजिराची मात. वजीर राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर ठेवायचा, राजा जिकडे जाईल तिकडे वजीरही तसाच सरकवायचा. राजा आपोआप कडेला लागतो. पण तो कोपऱ्यात गेला की ही नक्कल तिथेच थांबवायची. (घरांची नावं: पांढऱ्याच्या बाजूने बघता उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा खालून १ ते ८.) काळा राजा एच८ वर आणि आपला वजीर जी६ वर आला, तर काळ्याला शह नाही आणि हलायला घरही नाही. त्याच्याकडे दुसरी चाल नसेल तर ते स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. जिंकलेला डाव नवखे सगळ्यात जास्त इथेच घालवतात. वजीर कडेच्या लगतची आतली रांग अडवून धरील असा ठेवायचा, कोंडलेल्या राजाला दोन घरं मोकळी सोडायची आणि आपला राजा चालत जवळ आणायचा. वजीर एकट्याने मात करत नाही.

चार चालींची मात प्रत्येक मुलाला करता येते, म्हणून अडवायला शिकव. पांढऱ्याचा उंट सी४ वर, वजीर एच५ वर, दोघांचा डोळा एफ७ च्या प्याद्यावर. आपण काळी घेतली आणि आपला घोडा सी६ वर असेल तर जी७ चं प्यादं एक घर पुढे. वजिराला हाकलायला घोडा एफ६ वर आणला तर वजीर एफ७ मारून तिथेच मात करतो, कारण तो घोडा एफ७ राखत नाही. वजीर दुसऱ्याच चालीला बाहेर पडला तर आधी घोडा सी६ वर. तेव्हा घाईने जी-प्यादं चालवलं तर ई५ चं प्यादं शहासकट जातं आणि पाठोपाठ एच८ चा हत्तीही.

मोलभावासाठी प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९, एवढं पुरे. चालीआधी हात मांडीवर ठेवून एकच प्रश्न विचारायचा: मी हे इथे ठेवलं तर काय मारलं जाईल?

मुलींचा गट वेगळा करू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. आपल्या मुलींनी सगळ्यांशी खेळूनच शिकावं.

बक्षीस पैशांचं नको. पहिल्याला कुंदा, दुसऱ्याला गोकाकचा करदंट, आणि स्पर्धेत आयुष्यातली पहिली मात करणाऱ्या प्रत्येक मुलाला एक पेन. पटावर फराळ नको, चकलीच्या तेलाने मोहरी निसटतात. आणि आई, तूही त्या बारा जणांतली एक आहेस. चहा थर्मासमध्ये, फराळाची ताटं सकाळीच झाकून ठेवा, वाढायचं काम दादाचं. तुझा पट टेबलावर, खुर्ची पाठीची, गुडघ्यांना खाली बसायला लावू नकोस.

वसुबारसेपर्यंत बारा नावं आणि कुणाकडून किती पट येणार ते कळवा, मी कार्डांचा नमुना आणि फेऱ्यांचा तक्ता छापून पाठवते. पट आणणाऱ्यांना मोहरी मोजून आणायला सांगा, एका पटाची बत्तीस.

तुमची लेक