अडलेल्या शेळ्यांसाठी सहा पेट्या हव्यात – आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली. मृगात फळलेल्या शेळ्या आता महिनाभरात व्यायला लागतील, आणि आपल्या महिला शेळीपालक मंडळाकडे बाळंतपणाच्या सामानाची पेटी आहे एकच. तीही अर्धी रिकामी.

मंडळाचे काम आपण जाणताच. तरी ही पेटी कशी आली ते सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी पहिल्या पेन्शनमधून हातमोजे, टिंचर आयोडीन, लिक्विड पॅराफिन, मऊ सुती दोरी आणि बॅटरी आणून दिली. पेटी म्हणजे त्यांच्या लग्नातली पत्र्याची ट्रंक! शिंपीकाकांनी सरावासाठी पोत्याची शेळी शिवली, पोटात चिंध्यांचे करडू घातले. जनावरांच्या डॉक्टरसाहेबांनी चार रविवार मोडून आम्हा बायकांना शिकवले, चहासुद्धा घेतला नाही. डोळे बांधून आत हात घालायचा आणि पाय ओळखायचा. खुराच्या वरचे दोन सांधे एकाच बाजूला वाकले तर पुढचा, उलटसुलट वाकले तर मागचा. पहिल्या दिवशी सगळ्या हसत होत्या, चौथ्या रविवारी कोणी चुकले नाही.

त्यातलीच एक सून, जी शेळीच्या दाव्यालाही हात लावत नसे, तिने पोळ्याच्या रात्री अडलेली शेळी सोडवली. करडाचे तोंड आणि एकच पाय बाहेर, दुसरा मागे दुमडलेला. कळ ओसरल्यावर तिने करडू हलकेच मागे सारले, खुरी तळहातात झाकून पाय पुढे घेतला आणि पुढच्या कळेबरोबर कासेच्या दिशेने ओढले. मागून दुसरे आपोआप आले. आपल्या उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी सर्रास होतात, त्यामुळे एकाचा पाय आणि दुसऱ्याचे डोके अशी गुंतागुंत होते. हाती आलेला पाय खांद्यापर्यंत चाचपल्याशिवाय ओढायचा नाही, हे तिला पाठ होते.

गेल्या वर्षी हीच मागणी बैठकीत वाचली, तेव्हा "शेळी आपोआप विते, तिला पेटी कशाला?" असे एकाने विचारले आणि सभा हसली. आठवड्यातच त्याच घरून रात्री दोनला हाक आली. पाणमोट फुटून तीन तास झाले होते. शेळी वाचली, दोन्ही करडे गेली. हे बोलायचे नव्हते, पण लिहिता लिहिता आले.

तेव्हा यंदा तरी उशीर नको. पाणमोट फुटल्यावर अर्धा तास जोरात कळा देऊनही काही दिसले नाही, तर आम्हाला हाक मारा आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या 1962 या नंबरला फोन लावा. व्याल्यावर वार बारा तास पडली नाही तरी डॉक्टरांनाच बोलवा, हाताने ओढू नका.

हवे ते असे : वरील सामानाच्या सहा पेट्या (वाडीगणिक एक), जुनी सुती लुगडी, चीक पाजायला बाटल्या. रोख देणाऱ्यांनी खजिनदारबाईंकडून पावती घ्यावी, दहा रुपयांचीही मिळेल. नवशिक्यांची शिकवणी येत्या रविवारी सकाळी आठला समाजमंदिरात. नखे काढून, बांगड्या-अंगठ्या घरी ठेवून यावे. दिवस गेलेल्यांनी ऐकायला जरूर यावे, पण खऱ्या शेळीच्या बाळंतपणात हात घालू नये. वारेतून पोटातल्या बाळाला बाधणारे रोग लागतात.

आपली,
सचिव, महिला शेळीपालक मंडळ

ता. क. : पोत्याची शेळी उंदरांनी कुरतडली आहे. शिंपीकाका नवी शिवायला तयार आहेत, दोन पोती कोणीतरी द्यावीत.